पाण्यात उभे, तरी उपाशी : पाणथळ जमिनीतील वृक्षांच्या पोषणाविषयी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या सरांसमोर मी विद्यार्थी म्हणून बसलो होतो. आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आपण मला दिले, तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. सरांनी विचारलेला आणि त्या वेळी आम्हा कोणालाच न सुटलेला एक प्रश्न माझ्याकडे पुष्कळ वर्षे पडून आहे. त्याचे उत्तर आज त्यांच्या शाळेत द्यावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

१९७९ च्या पावसाळ्यात सरांनी आम्हा आठवीच्या मुलांना घेऊन शाळेमागच्या उतारावर झाडे लावली. नवनगरची वस्ती तेव्हा आजच्यासारखी दाट नव्हती. उताराचा वरचा भाग मुरमाड होता. खालचा भाग सखल, काळ्या मातीचा, आणि तेथे दिवाळीपर्यंत पाणी झिरपत असे. वरच्या भागाला पाणी घालावे लागणार, खालच्या भागाला घालावे लागणार नाही, असा आमचा हिशेब होता. म्हणून निंब, शिसव, गुलमोहर यांची निम्मी रोपे आम्ही मोठ्या आशेने खाली लावली. दुसऱ्या वर्षी वरचा निंब आमच्या खांद्याला लागला. खालचा निंब गुडघ्याएवढाच राहिला, आणि त्याची खालची पाने पिवळी पडू लागली. सर म्हणाले, "याला खायला कमी पडते आहे." आम्ही घमेली भरभरून शेणखत आणून बहुतेक आळ्यांत घातले. त्या पावसाळ्यात खालची बहुतेक रोपे मेली. ज्यांना खत घातले नव्हते अशी काही मात्र जगली.

सरांनी हा प्रसंग लपविला नाही. वर्गात येऊन ते म्हणाले, "माझी चूक झाली आहे, पण ती कोणती ते मला कळलेले नाही. पाणी भरपूर, माती काळी, खतही घातले. मग झाड उपाशी कशाने मेले? तुमच्यापैकी कोणी शोधून काढले तर मला येऊन सांगा." पुढे मी धारवाडला कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि मृदाशास्त्र हेच माझे आयुष्यभराचे काम झाले. उत्तर तुकड्यातुकड्यांनी सापडत गेले. ते पूर्ण जुळले तेव्हा सर राहिले नव्हते.

सर्वांत कमी असेल ते ठरविते

प्रथम एक जुना नियम लक्षात घेऊ. झाडाच्या शरीराचा मोठा भाग हवेतल्या कर्बापासून आणि पाण्यापासून बनतो. परंतु त्यास नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह, जस्त अशी इतर मूलद्रव्येही लागतात आणि ती मुळांवाटे जमिनीतूनच घ्यावी लागतात. जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल याने १८२८ च्या सुमारास असे मांडले, की पिकाची वाढ सर्व द्रव्यांच्या बेरजेवर ठरत नाही. गरजेच्या मानाने जे द्रव्य सर्वांत कमी पडते तेच वाढीची मर्यादा ठरविते. १८४० नंतर युस्टुस फॉन लीबिग याने हा विचार जगभर पोहोचविला आणि तो 'न्यूनतमाचा नियम' म्हणून ओळखला जाऊ लागला. याचे चित्र लाकडी फळ्यांच्या पिंपाने दाखवितात. एक फळी आखूड असली, तर बाकीच्या कितीही उंच असोत, पाणी आखूड फळीपर्यंतच राहते.

पाणथळ जमिनीत आखूड फळी कोणती, हा आपला प्रश्न आहे. पाणी ती असू शकत नाही. सूर्यप्रकाशही बहुधा नसतो. द्रव्यांचा साठा म्हणावा, तर पाणथळीची माती पालापाचोळ्याने काळी झालेली असते आणि प्रयोगशाळेत तिच्यातील एकूण नत्र मोजला तर तो पुष्कळदा माळावरच्या मातीपेक्षा जास्त भरतो. तरीही झाड खुरटते. याचा अर्थ साठा आणि पुरवठा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कोठारात धान्य आहे, पण कोठाराचे दार बंद आहे, अशी काहीशी ही अवस्था असते. हे दार कशाने बंद होते, ते आता पाहू.

माती बुडाली म्हणजे काय होते

चांगल्या जमिनीत मातीच्या कणांमध्ये पोकळी असते आणि तिच्यात हवा खेळते. माती पाण्याने भरली, की ही हवा बाहेर पडते. पाण्यातून प्राणवायू पसरू शकतो, पण हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने. मातीतील जिवाणूंना तर प्राणवायू सतत हवा असतो. त्यामुळे उबदार हवामानात जमीन बुडाल्यावर काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, मुळांभोवतीचा प्राणवायू संपतो. अगदी पृष्ठभागावर काही मिलिमीटरांचा थर तेवढा हवेशीर राहतो.

प्राणवायू संपला म्हणून जिवाणूंचे काम थांबत नाही. श्वसनासाठी ते दुसरी द्रव्ये वापरू लागतात आणि त्याचा एक ठरलेला क्रम असतो. प्रथम ते नायट्रेट वापरतात. त्यातला नत्र वायुरूप होऊन हवेत निघून जातो. झाडाला सहज घेता येणाऱ्या नत्राचा एक भाग अशा रीतीने अक्षरशः उडून जातो. त्यानंतर मँगनीज, मग लोह, मग गंधक आणि शेवटी कर्ब यांची पाळी येते. गंधकाची पाळी आली, की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास असून हा वायू मुळांना विषारी असतो. कर्बाची पाळी आली, की मिथेनचे बुडबुडे वर येतात. आपल्यापैकी ज्यांनी तळ्याच्या कडेचा चिखल काठीने ढवळला असेल, त्यांनी हा सगळा अभ्यासक्रम नाकाने आणि डोळ्यांनी आधीच पुरा केलेला आहे.

स्फुरदाची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. पश्चिम घाटाच्या जांभ्या मातीत लोह विपुल असते. हवेशीर अवस्थेत हे लोह गंजाच्या रूपात असते आणि स्फुरदाला घट्ट धरून ठेवते. माती बुडाल्यावर लोहाचे रूप बदलते, ते पाण्यात विरघळते आणि त्याने धरलेला स्फुरद काही काळ मोकळा होतो. ऐकायला हे चांगले वाटते. पण मोकळा झालेला स्फुरद वाहत्या पाण्याबरोबर निघून जाऊ शकतो. शिवाय मुळांतून थोडासा प्राणवायू पाझरला, तर तेवढ्या भागात लोहाचा पुन्हा गंज होतो आणि तो मुळाच्या सालीवर तांबूस लेप बनून बसतो. हा लेप विषारी द्रव्यांना काही प्रमाणात अडवितो; त्याच वेळी स्फुरदही धरून ठेवू शकतो. म्हणून पाणथळीत स्फुरद नेहमीच कमी असतो असे म्हणता येणार नाही. तो कधी असतो, कधी जातो आणि कधी मुळाच्या दाराशी येऊन अडकतो.

आता मुळांकडे पाहू. जमिनीतील क्षार मुळांत आपोआप वाहत येत नाहीत. बहुतेक द्रव्ये ऊर्जा खर्च करून आत ओढून घ्यावी लागतात आणि ती ऊर्जा श्वसनातून येते. प्राणवायू नसेल, तर साखरेच्या तेवढ्याच रेणूपासून मुळाला नेहमीच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा मिळते. मुळांना अन्न शोधून देणाऱ्या बुरशीही बुडीत मातीत बहुधा दुबळ्या पडतात. म्हणजे अन्न शेजारी असले, तरी ते उचलण्याचे बळ मुळांत राहत नाही.

पालापाचोळाही प्राणवायूवाचून फार सावकाश कुजतो. त्यातला नत्र आणि स्फुरद वर्षानुवर्षे त्यातच बांधलेला राहतो. पाणथळीची माती काळी का असते याचे कारण हेच आहे. तो काळेपणा बऱ्याच अंशी न फुटलेल्या ठेवीचा रंग आहे.

सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. पिवळ्या पानांवरून सरांनी केलेले निदान खोटे नव्हते. झाडाला नत्र कमी पडत होता आणि जुन्या पानांतला नत्र काढून ते नव्या पानांना देत होते. म्हणून आधी खालची पाने पिवळी पडली. उपचार मात्र उलटा झाला. शेणखत हे जिवाणूंचे अन्न आहे. बुडालेल्या आळ्यात ते घातल्याबरोबर जिवाणूंची भूक वाढली, उरलासुरला प्राणवायू त्यांनी संपविला आणि मुळे गुदमरली. आखूड फळी नत्राची दिसत होती. तिच्यामागची खरी आखूड फळी प्राणवायूची होती.

काही झाडे तेथे कशी वाढतात

मग प्रश्न असा उरतो, की पाणथळीत मोठमोठी अरण्ये आहेत ती कशी? याचे उत्तर शोधायला आपणास फार दूर जावे लागत नाही. धारवाडहून दक्षिणेला जाऊन घाट उतरू लागलो, की उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सिद्धापूर तालुक्यात, जोगच्या धबधब्याकडून होन्नावरला जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास, कत्तलेकान नावाचे अरण्य लागते. कन्नडमध्ये कत्तले म्हणजे अंधार आणि कान म्हणजे दाट सदाहरित रान. या अंधाऱ्या रानातील ओढ्यांच्या काठी रानजायफळाच्या दलदली आहेत. शास्त्रीय भाषेत त्यांना मिरिस्टिका दलदली म्हणतात. भारतातील अशा दलदलींचे पहिले शास्त्रीय वर्णन १९६० साली त्रावणकोरच्या, म्हणजे दक्षिण केरळच्या, रानांतून आले. कत्तलेकानच्या दलदलीतील बिब्ब्याच्या कुळातील एक झाड तर २००० साली प्रथमच विज्ञानाला माहीत झाले आणि त्याच्या नावात या रानाचे नाव आले.

आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे खानापूर, सत्तरी किंवा सावंतवाडीच्या बाजूला आहेत. त्यांच्यासाठी सांगतो, की गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथे निरंकाराची राई आहे. तीही अशीच दलदल असून देवाच्या नावाने राखली गेली आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील अशी दलदल २०१८ साली अभ्यासकांच्या नजरेस आली आणि पुढे शासनाने तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. तिचे क्षेत्र तीन हेक्टरही नाही.

या दलदलीत प्रथम डोळ्यांत भरतात ती मुळे. काही झाडांच्या खोडांतून टेकूसारखी मुळे चिखलात उतरलेली असतात. काहींची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली जातात. हे गुडघे झाडाची नाके आहेत. त्यांच्या सालीवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत शिरते आणि आतल्या पोकळ पेशीजालातून बुडालेल्या मुळांपर्यंत पोहोचते. आमच्या निंबाजवळ ही सोय नव्हती.

दुसरी गोष्ट बियांची. रानजायफळाचे बी मोठे आणि वजनदार असते. ते फार दिवस साठवून ठेवता येत नाही. ओलावा गेला, की उगवणशक्ती जाते. पण चिखलात पडलेल्या या बीजात रोपाला पहिल्या दिवसांची शिदोरी भरपूर असते. मुळे तयार होईपर्यंत ते रोप मातीकडे हात न पसरता वाढते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या दलदलींतले पाणी साचलेले नसते, ते हळूहळू वाहत असते. वरच्या उतारावरील रानातून झिरपलेला ओढा वर्षभर दलदलीतून जातो. वाहते पाणी थोडा प्राणवायू आणते, विषारी द्रव्ये धुऊन नेते आणि उतारावरच्या पाल्याचे व मातीचे सत्त्व थेंबाथेंबाने पुरविते. दलदलीचे खरे कोठार वरच्या डोंगरावर असते; ओढा हा ते वाहून आणणारा हमाल आहे.

वाहते पाणी आणि साचलेले पाणी

ही केवळ कल्पना नाही. जगाच्या निरनिराळ्या भागांत तिचा पडताळा आलेला आहे. अमेरिकेतील फ्लोरिडात सायप्रस नावाच्या वृक्षांची पाणथळ रान आहेत. नदीच्या पुराचे पाणी ज्यांना मिळते ती झाडे प्रचंड वाढतात. केवळ पावसाच्या साचलेल्या पाण्यावर आणि पातळ मातीवर असलेली त्याच जातकुळीतील झाडे शंभर वर्षांची होऊनही ठेंगणी राहतात. १९८१ साली सँड्रा ब्राउन यांनी अशा रानांची तुलना प्रसिद्ध केली. तीत पाण्याबरोबर येणारा स्फुरद आणि झाडांची वाढ यांचा संबंध दिसून आला.

बोर्निओ बेटावरचे चित्र याहून बोलके आहे. तेथे न कुजलेल्या पाल्याचा थर हजारो वर्षे साठत जाऊन त्याचे घुमटासारखे उंचवटे झाले आहेत. मध्यभागी हा थर दहा मीटरांहून जाड असू शकतो. कडेच्या झाडांना नदीचे पाणी व खालची माती यांचा आधार मिळतो. मध्यावरच्या झाडांना आकाशातून पडणाऱ्या पावसाखेरीज दुसरा अन्नदाता नाही. कडेचे रान चाळीस मीटर उंचीचे असते, मध्याकडे जावे तसे ते ठेंगणे व काटकुळे होत जाते. पाणी दोन्हीकडे आहे, पाऊसही तोच आहे. फरक पाण्याबरोबर येणाऱ्या पोषणाचा आहे.

कोणते द्रव्य कमी पडते हे ठरविण्याचा निर्णायक मार्ग म्हणजे ते द्रव्य देऊन पाहणे. मध्य अमेरिकेतील बेलीझच्या किनाऱ्याजवळ ट्विन केज नावाची कांदळवनांची बेटे आहेत. तेथे कडेची झाडे उंच, तर आतली शंभर-दीडशे सेंटिमीटरांची असतात. इल्का फेलर या संशोधिकेने १९९० च्या दशकात आतल्या ठेंगण्या झाडांच्या मुळाशी खत देऊन पाहिले. स्फुरद दिल्यावर ती भराभर वाढू लागली. पुढच्या प्रयोगांत असे दिसले, की कडेच्या झाडांना नत्राची, आतल्या झाडांना स्फुरदाची आणि मधल्या पट्ट्यातील झाडांना दोन्हींची उणीव आहे. एकाच बेटावर, एकाच जातीच्या झाडाला, थोड्याशा अंतरावर निराळे द्रव्य अडवीत होते.

खत न देताही अंदाज करण्याचा एक उपाय आहे. १९९६ साली दोन डच शास्त्रज्ञांनी युरोपातील पाणथळ वनस्पतींचे आकडे तपासून असे सुचविले, की वनस्पतीतील नत्र आणि स्फुरद यांचे वजनी प्रमाण १४ पेक्षा कमी असेल, तर नत्र कमी पडत असावा. १६ पेक्षा जास्त असेल, तर स्फुरद. झाड स्वतःच्या पानात आपल्या भुकेची नोंद ठेवते, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र हा आकडा आपल्या रानांना जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे, हेही सांगितले पाहिजे.

शेतकऱ्यास हे ठाऊक होते

ही सारी माहिती प्रयोगशाळेतून आली असली, तरी तिचे सार आपल्या भागातील शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. उत्तर कन्नडातील पोफळीच्या बागा ओढ्याकाठच्या सखल दऱ्यांतच असतात. त्या मुळात ओल्या जागा आहेत. तेथला बागायतदार पोफळीच्या ओळींमध्ये खोल चर काढतो आणि पाणी वाहते ठेवतो. म्हणजे मुळांना आधी हवा देतो. मग तो वरच्या रानातला पाला आणून बुंध्याशी घालतो. या पाल्यासाठी राखलेल्या रानाला तिकडे बेट्टा म्हणतात. इंग्रजी अमदानीत एक एकर बागेला नऊ एकरांपर्यंत बेट्टा वापरण्याची सवलत दिली जात असे. एका एकराच्या दरीला नऊ एकरांचा डोंगर खाऊ घालतो, हा त्या आकड्याचा अर्थ आहे. क्रमही लक्षात घ्या : आधी चर, मग पाला. आम्ही आधी पाला घातला आणि चर काढलाच नाही. कलघटगी-हल्याळकडच्या भातशेतकऱ्याला आमच्या निंबाची गोष्ट सांगितली असती, तर आमची चूक त्याने बांधावर उभ्यानेच दाखविली असती.

दोन सोपे आणि चुकीचे उपाय

येथे कोणी म्हणेल, की कारण कळले, तर उपाय करून टाकू. पाणी काढा किंवा खत घाला. दोन्ही उपाय मोठ्या प्रमाणावर करून झाले आहेत आणि त्यांची फळेही समोर आहेत.

फिनलंडमध्ये विसाव्या शतकात सुमारे ५० लाख हेक्टर पाणथळ जमिनीत चर खणून वने वाढविण्यात आली. अनेक ठिकाणी झाडे जोमाने वाढली. परंतु जेथे पाल्याचा थर जाड आणि सत्त्वहीन होता, तेथे हवा मिळाल्यावर नत्र मोकळा झाला आणि लगेच दुसरी फळी आखूड ठरली : पालाश आणि स्फुरद. तेथे लाकडाची राख पसरल्यावर झाडांनी अनेक दशके त्याचा लाभ दाखविला, कारण राखेत नत्र नसला तरी ही दोन द्रव्ये असतात. मात्र कोरडा झालेला थर कुजू लागतो आणि हजारो वर्षांत साठलेला कर्ब हवेत जाऊ लागतो. इंडोनेशियाने १९९६ मध्ये बोर्निओतील सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीसाठी कोरडी करण्यास आरंभ केला. ती जमीन भाताला मानवली नाही आणि १९९७ च्या अवर्षणात कोरडा पडलेला तो थर महिनोन्‌महिने जळत राहिला.

खताचा उपायही सरळ नाही. २००९ साली कॅथरिन लव्हलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खत दिलेल्या कांदळवनांचा दीर्घ काळाचा हिशेब मांडला. खताने फांद्या-पाने वाढतात, पण त्या मानाने मुळे वाढत नाहीत. पाऊस कमी आणि खारटपणा जास्त असलेल्या जागी अवर्षण आले, तेव्हा खत मिळालेली झाडे अधिक प्रमाणात मेली. उपाशी झाड सावधपणे जगत असते. अचानक मिळालेल्या समृद्धीत ते ही सावधगिरी सोडून देते.

आपल्या गावाजवळही एक धडा आहे. उणकलच्या तलावावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला आपण पाहिलेला आहे. सांडपाण्यातून येणारा नत्र आणि स्फुरद हे खतच आहे. पण ते काठच्या झाडाच्या पदरात पडत नाही. जी वनस्पती सर्वांत चपळ, ती ते आधी उचलते. ती कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायूही संपविते. पोषण वाढविणे आणि झाडाला पोसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपण काय करावे

या सर्वांतून मी तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. पहिली : वृक्षारोपणाच्या उत्साहात पाणथळ जागेला पडीक जागा समजू नये. तेथे माळावरची झाडे लावणे म्हणजे रोपे, पैसा आणि मुलांचा उत्साह यांची नासाडी आहे. लावायचीच असतील, तर करंज, जांभूळ, अर्जुन अशी पाण्याला सरावलेली झाडे काठाने लावावीत आणि मधली ओल मोकळी सोडावी. दुसरी : खुरटलेले झाड पाहिले, की लगेच खताकडे हात नेऊ नये. जमिनीत हवा आहे का, पाणी वाहते आहे की साचले आहे, हे आधी पाहावे. तिसरी, आणि मला सर्वांत तातडीची वाटणारी : दलदल वाचवावयाची तर दलदलीला कुंपण घालून भागत नाही. तिला पोसणारा वरचा उतार आणि त्यावरून येणारा ओढा राखावा लागतो. घाटातील रानजायफळाच्या दलदली अनेक ठिकाणी कुऱ्हाडीने तुटल्या, अनेक ठिकाणी त्यांच्या जागी बागा झाल्या. आणि जेथे वरचा झरा दुसरीकडे वळविला जातो, तेथे एकही झाड न तोडता दलदल मरू शकते. तीन हेक्टरांहून लहान असलेली हेवाळे-बांबर्ड्याची राई तिच्या सीमेच्या आत जगत नाही. ती डोंगरावर जगते.

सरांनी आपली चूक वर्गासमोर कबूल केली नसती, तर मी हा विषय हाती घेतला असता की नाही, हे मला सांगता येत नाही. त्यांनी आम्हाला उत्तर दिले नाही, प्रश्न मात्र नीट मांडून दिला. आज एवढेच सांगू शकतो, की सर, निदान आपले बरोबर होते. झाड उपाशीच होते. आपण त्याला अन्न दिले, पण त्याला त्याआधी श्वास हवा होता. त्या उतारावर जगलेल्या रोपांपैकी एका करंजाखाली मी आजच सकाळी उभा राहून आलो. ओलीच्या अगदी कडेला, जेथून पाणी वाहून जाते तेथे, ते लागलेले होते.

शाळेतील मुलांना माझी विनंती आहे, की येत्या पावसाळ्यात एक काठी घेऊन त्या सखल भागाचा चिखल ढवळून पाहावा, वास घ्यावा, पाण्यावरचा तांबूस तवंग पाहावा आणि काय दिसले ते वहीत लिहून ठेवावे. सरांचा तास तेथून पुढे सुरू होईल.